बावखलाचं माप

गास या आमच्या समुद्राजवळच्या गावाहून निघण्याआधी मी शेवटचं काम केलं ते म्हणजे मातीवाल्याचा नंबर बाबांच्या फोनमध्ये भरून दिला. आमच्या घरामागे बावखल आहे (पावसाचं पाणी साठवायला जुन्या लोकांनी वाडीत खणलेला खड्डा; विहिरीहून रुंद, तळ्याहून लहान). डास होतात, पाण्यावर हिरवा थर धरतो, आणि पाणी ओढायचा रहाट तर कधीच मोडीत गेला. ते बुजवून वर चार खोल्या काढायच्या, ही कल्पना माझी. मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला भलतंच वजन. दिवाळीनंतर मातीच्या गाड्या येणार असं ठरलं आणि मी पाच महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी नेदरलँड्सला गेले.

माझी नेमणूक तिथल्या दक्षिणेकडच्या, समुद्राला लागून असलेल्या भागात होती. बसमधून नुसती सपाट शेतं दिसली, बटाटा आणि कांदा. दुसऱ्या दिवशी बांधावर चढले आणि दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिले. भरतीचं पाणी शेतांपेक्षा उंच होतं, आणि खाली लोक निवांत सायकली चालवत होते. आमच्याकडे असं असतं तर अख्खं गाव तुंगारेश्वरच्या डोंगरावर राहायला गेलं असतं.

ऑफिस पाण्याचं. चर, बांध, पंप हेच काम. दुपारी जेवायला लोणी लावलेला पाव आणि त्यावर चॉकलेटचा चुरा. मोठमोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं तो खातात. पहिल्या आठवड्यात मला भाताची इतकी आठवण आली की लाज वाटली.

नोव्हेंबरात मला विमच्या हाताखाली दिलं. विम साठीचा, ताडमाड, जवळ एक काठी आणि एक वही. तिकडे प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या शेताकडेचा चर ठरलेल्या तारखेपर्यंत साफ करायचा असतो. मग ऑफिसचा माणूस पायी फिरून एकेक चर तपासतो. गवत राहिलं तर नापास, घरी पत्र.

"शेतकरी चिडत नाहीत?" मी विचारलं.

"चिडतात. पण शेजाऱ्याचा चर तुंबला तर त्याहून जास्त चिडतात," विम म्हणाला.

आणि तिथेच मी हिरवळ समजून एका चरात पाय टाकला. कमरेपर्यंत आत! विमनं काठी पुढे करून ओढून काढलं. जवळच्या घरातल्या बाईंनी न विचारता नवऱ्याची पँट दिली आणि वाटाण्याच्या डाळीचं सूप समोर ठेवलं. इतकं घट्ट की चमचा उभा राहावा. पँटचे पाय चार वेळा दुमडून मी ते दोन वाट्या प्यायले.

"पाण्यावरचा हिरवा थर कधी पाहिला नव्हतास?" विमनं विचारलं.

"रोज पाहते. घरामागेच आहे." मी फोनवर बावखलाचा फोटो दाखवला.

त्यानं चमचा खाली ठेवला. खोल किती आहे? उन्हाळ्यात कुठवर उतरतं? पाणी गोड किती महिने राहतं? गाळ कोण काढतं? बावीस वर्षं ज्याच्या काठावर कपडे वाळत घातले, त्याच्याबद्दल मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. मग त्यानं समजावलं. समुद्राजवळच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं. पावसाचं पाणी वरून मुरत राहिलं तर ते खाऱ्याला दाबून धरतं. मुरायची जागा गेली की खारं वर चढतं.

मला शेजारच्यांची विहीर आठवली. त्यांनी बावखल बुजवलं आणि दोन वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ झालं. आम्ही म्हटलं होतं, त्यांचं नशीब.

तरी घरी 'बुजवू नका' म्हणायला माझी जीभ रेटेना. सगळ्यांना पटवताना मी चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं होतं ना! बाबांना फोन करून एवढंच म्हटलं, "बावखलाचं माप हवं होतं."

"कशाला गो? अभ्यासाला पायजे?" बाबा म्हणाले.

"हो."

त्यानंतर दर रविवारी बाबांचा फोन. बांबू घालून किती हात पाणी ते सांगायचे, आणि शेवटी, "पानी अजून गोर हाय (गोड आहे). चाखून बघितलंय." मी आकडे विमला द्यायचे. तो वहीत वेगळ्या पानावर लिहायचा.

डिसेंबरात एकदा तो म्हणाला, "पुढच्या पावसानंतरची मापंही पाठवशील?"

तेव्हा मात्र बावखल बुजवायचं ठरलंय आणि कल्पना माझीच, हे मी सगळं सांगून टाकलं. त्यानं वही मिटली. "खाऱ्या पाण्याचं वडिलांना अजून सांगितलं नाहीस?" एवढंच विचारलं.

मी बाहेर येऊन थेट मातीवाल्याला फोन लावला.

"ताई, दोन गाड्या कालच टाकल्या की. बाकीच्या उद्या."

"बाकीच्या नको," मी म्हटलं.

जानेवारीत घरी पोहोचले तशी बॅग ओट्यावर टाकून मागे गेले. बावखलात उतरायच्या पायऱ्यांकडचा कोपरा लाल मातीनं भरला होता. बाबा बांबू घेऊन आले. त्यावर कोयत्यानं केलेल्या खुणा, दर रविवारची एक, आणि प्रत्येक आधीच्या खुणेच्या थोडी खाली. फक्त एक वर चढलेली.

"ही अशी का?"

"माती परली (पडली) ना, पानी वर आलं."

"बाबा, तुम्ही दर रविवारी मोजत होतात. मग माती टाकू कशी दिलीत?"

"तूच बोललीस ना पोरी. शिकलेली हायस, म्हटलं इचार करून बोलली असशील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सोसवेना. मी तिथेच रडले. बाबा घरात गेले आणि दोन घमेली घेऊन आले.

आई सांगते, दोन गाड्या रिकाम्या व्हायला दहा मिनिटं लागली होती. मी कॉलेजातून आले की बाबा आणि मी माती काढायला बावखलात उतरतो. आज एकविसावा दिवस. पहिली पायरी उघडी पडली आहे.