याँ एक लाइन थी

इथल्या भुताखेतांच्या अनुभवांखाली "रात्री काय खाल्लं होतं?" असं विचारणारा जो आगाऊ माणूस असतो ना... तो मी. त्यामुळे आता माझी टर उडवा, तुमचा हक्कच आहे. पण हे भर दुपारी तीन वाजता घडलं, हैदराबादला, माधापूरच्या आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर – आणि दोघांनी पाहिलं.

आमचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी तळाच्या कोडचं. मशीनचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो भाग. तो लिहिला होता पुराणिक सरांनी. सर कोठी भागातले, जुन्या हैदराबादी मराठी घरातले. घरी मराठी, ऑफिसात अस्सल दखनी. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी भराभर कोड बदलायला लागलो की म्हणायचे, "हल्लू मियाँ, हल्लू!"

तीन वर्षांपूर्वी कंपनीत री-ऑर्ग आलं. दोन टीमची एक होणार, म्हणजे निम्मी माणसं घरी. नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकांकडची मशीन्स चालू होताना अडकायला लागली. मॅनेजरने भर मीटिंगमध्ये ती फाइल पडद्यावर उघडली आणि 'ब्लेम' चालवलं – कुठली ओळ फाइलमध्ये कुणी घातली ते दाखवणारी कमांड. वरपासून खालपर्यंत एकच नाव, पुराणिक. सर चष्मा पुसत म्हणाले, "गलती मेरीच होइंगी." त्यांना घरी पाठवलं, मी राहिलो. मशीन्सना वरवर ठिगळ लावून भागवलं. वर्षभरात सर गेले... हार्ट अटॅक.

गेल्या महिन्यात त्या फाइलची साफसफाई माझ्याकडे आली. जेवून आलो, फाइल उघडली. मधोमध रोमन अक्षरांत एक कमेंट, म्हणजे मशीनसाठी नव्हे, कोड वाचणाऱ्या माणसासाठीची टीप – याँ एक लाइन थी मियाँ.

शेजारी श्रावणी बसते. ती नवीन आहे, सरांना तिने पाहिलेलंही नाही. तिला बोलावलं. तिने मोठ्याने वाचलं आणि हसली. "ये कौन लिखे भाई?"

मी ब्लेम चालवलं. कमेंट नाहीच. फाइल बंद करून परत उघडली – नाही. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुणी साधं स्पेलिंग सुधारलं तरी. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी धुंडाळल्या. ती कमेंट कुणीच, कधीच लिहिलेली नव्हती. श्रावणीचं हसू मावळलं.

धुंडाळताना सापडलं ते वेगळंच. त्या जागी खरंच एक ओळ होती. चिपला जागं व्हायला वेळ दे, क्षणभर थांब, एवढंच सांगणारी. री-ऑर्गच्या थोडं आधी, मशीन लवकर चालू व्हावं म्हणून, कुणीतरी ती काढली होती आणि शाबासकीही मिळवली होती. तो कुणीतरी म्हणजे मी. ब्लेम फक्त असलेल्या ओळी कुणाच्या ते सांगतं, काढणाऱ्याचं नाव त्यात येत नाही.

विसरलो होतो असं लिहिणार होतो... पण खोटं कशाला? त्या मीटिंगमध्ये मला आठवलं होतं. मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायलो आणि गप्प बसलो. माझी मलाच लाज वाटते.

शनिवारी कोठीला सरांच्या घरी गेलो. काकूंना सगळं सांगितलं, कमेंटचं सोडून. त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत तेच होतं रे त्यांच्या डोक्यात. जेवता जेवता हात थांबायचा. 'याँ एक लाइन थी' म्हणायचे... आणि मी म्हणायचे, सोडा हो आता, चुकलं तर चुकलं."

सोमवारी ती ओळ परत घातली. बदलाच्या नोंदीत लिहिलं – मूळ ओळ पुराणिकांची, काढली मी, चूक माझी. मॅनेजर अजून काही बोललेला नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. कमेंटचा तर श्रावणी विषयच काढू देत नाही.

काल पुन्हा एकदा ब्लेम चालवून पाहिलं. सरांच्या त्या ओळीपुढे आता माझं नाव येतं.