मच्छिंद्र फिटर आणि गिटारच्या तीन दांड्या

मच्छिंद्र ज्ञानोबा नरके यांना ऐकू फार कमी येते, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण पुढची हकीकत एका वाद्याची आहे. रांजणगावच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे त्यांनी पत्रा दाबणाऱ्या यंत्रांची देखभाल केली. त्या धडधडाटात उजवा कान पुरता गेला आणि डावा अर्धा. निवृत्तीनंतर त्यांनी तळेगाव ढमढेऱ्यात, बाजारतळामागे, पत्र्याची एक शेड उभारली. फवारणीचे पंप, कडबाकुट्टीची पाती, शाळेच्या फाटकाच्या बिजागऱ्या, जे येईल ते तिथे दुरुस्त होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर असतो आणि तो त्यांच्या पत्नीच्या, सगुणाबाईंच्या, जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेला असतो.

त्या शेडमध्ये अंदाजाला जागा नाही. कोणी म्हणाले, "मामा, जरासं सैल करा," तर मच्छिंद्र विचारतात, "जरासं म्हंजी किती?" गिऱ्हाईक हसते. मच्छिंद्र हसत नाहीत; व्हर्निअर पुढे करतात आणि उत्तराची वाट पाहतात.

मी त्यांचा शेजारी. चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. त्यांपैकी अकरा वर्षे दौंडला. तेथे माझ्या वर्गात अनिता शेलार नावाची मुलगी होती. तिचे वडील गेणबा रेल्वेत खलाशी होते आणि सुटीच्या दिवशी एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या बंगल्यातली बाग राखत. त्या गृहस्थांकडे एक निराळीच गिटार होती. अकरा वर्षांची अनिता व्हरांड्यात बसून ती ऐकत असे. त्यांनी तिला शिकवले आणि ऑस्ट्रेलियाला कायमचे जाताना वाद्य तिच्या स्वाधीन केले.

ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि वाजवणारा तिच्यापुढे खुर्चीवर बसतो. वर दहा तारा असतात. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. खाली जमिनीलगत तीन पेडले असतात. डाव्या पायाने पेडल दाबले की टेबलाच्या पोटातली सळई ओढली जाते, नेमकी एखादी तार ताणली जाते आणि वाजता वाजताच पंचमाचा धैवत होतो. दुसरे पेडल गंधाराचा मध्यम करते, तिसरे षड्जाचा ऋषभ. उजवा पाय आवाज लहानमोठा करण्याच्या वेगळ्या पेडलावर असतो. स्वर एकातून दुसऱ्यात असा वितळत जातो की ऐकणाऱ्याला मधला सांधा सापडत नाही.

अनिता पुढे शिक्षिका झाली, अविवाहित राहिली आणि वडिलांना घेऊन खुटबावला, स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत राहू लागली. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात ती ही गिटार वाजवी. गेल्या वर्षी भांडगावजवळ तिची स्कूटर घसरली. डावा घोटा शस्त्रक्रियेने कायमचा जोडून टाकावा लागला. ती चालू लागली, शाळेत जाऊ लागली. परंतु पाऊल आता वरखाली होत नाही. पेडल दाबणे संपले आणि गिटारवर चादर पडली.

दिवाळीत मी भेटायला गेलो तेव्हा गेणबा खाटेवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी गेलेली, कान मात्र तल्लख. चहा गाळता गाळता अनिता हळू आवाजात म्हणाली, "आबा काही बोलत नाहीत, सर. पण पाचची गाडी गेली की मान गिटारकडं वळवून बसतात. रोज त्याच वेळेला वाजवायचे ना मी. त्यांचे कान शाबूत आहेत तोवर मला पुन्हा वाजवता यायला हवं. बाकी कशाचं काही वाटत नाही."

मी घरी येऊन हे मच्छिंद्रांच्या डाव्या कानात सांगितले. त्यांनी पुरते ऐकून घेतले.

"सूर मला कळत न्हाई, गुरुजी."

"ते मला ठाऊक आहे."

"पर तार किती वढायची, त्याला माप आसंलच की. मापाचं मी बघतो."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून न्हावऱ्याच्या वाटेने निघालो, भीमेचा पूल ओलांडला आणि चौफुल्यावरून खुटबावला पोहोचलो. पावले ऐकून गेणबांनी विचारले, "सरांसंगं कोण हाय?"

"फिटर आहेत, आबा. तळेगाव ढमढेऱ्याचे," अनिता म्हणाली.

"मंग वांगी आणली का? तळेगावची वांगी एवढी नावाजलेली, आन् तिथला माणूस हात हालवत येतो व्हय?"

मच्छिंद्रांना यातले काही ऐकू गेले नाही. त्यांनी गिटार उलटी करून सतरंजीवर ठेवली होती आणि तिच्या पोटातल्या सळ्या, काटकोनी कोपऱ्या आणि स्प्रिंगा ते पाहत होते. एकेक पेडल हाताने दाबून त्यांनी डायल गेजवर सळईचा प्रवास मोजला आणि वहीत उतरवला. तासाभराने मान वर केली.

"बाई, पाऊल जात न्हाई. गुडघा जातोय ना?"

"जातो, मामा."

"मंग पेडलाचं काम गुडघ्याला दिऊ."

अनिताने पत्र्याच्या पेटीतून दोन जुन्या लोखंडी दांड्या काढून दिल्या. गुडघ्याने बाजूला रेटायच्या त्या दांड्या त्या ड्रायव्हरच्या काळी गिटारला होत्याच. लहानपणी ती त्या वापरत असे.

"मग सोडल्या का?" मी विचारले.

"कोण जाणे, सर. डी.एड.ला गेले आणि सवयच सुटली. आबांनी काढून ठेवल्या."

मापे घेण्याचा प्रसंग आला तेव्हा थोडी अडचण झाली. परक्या स्त्रीच्या गुडघ्याला टेप लावायची, हे मच्छिंद्रांना रुचेना, मलाही रुचेना. त्यांनी तिच्यासमोर एक पुठ्ठा उभा केला, हातात खडू दिला आणि सांगितले, "गुडघा कुठवर जातो, तिथं तुमच्याच हातानं रेघ मारा." मग आम्ही दोघे पाठ फिरवून दाराशी उभे राहिलो आणि समोरचा फलाट पाहत राहिलो. तेव्हा आम्हांला हा शिष्टाचार अगदी योग्य वाटला होता.

दीड महिना शेडमध्ये ते काम चालले. दांड्या तीन झाल्या: डावा गुडघा बाहेर रेटण्याची एक, तोच आत घेण्याची दुसरी, उजवा बाहेर रेटण्याची तिसरी. प्रत्येकीच्या टोकाला मऊ रबर होते, म्हणजे गुडघ्याला लोखंड बोचणार नाही. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मार्चमध्ये एका शनिवारी दांड्या बसवल्या. सकाळची शाळा करून अनिता तशीच गिटारपुढे बसली. डावा गुडघा बाहेर रेटला. दांडी थोडी हलली आणि थांबली. पुन्हा रेटला, पुन्हा तेवढीच. तार कण्हल्यासारखी अर्ध्यावर अडकली. मच्छिंद्रांनी स्प्रिंग सैल केली. फरक पडला नाही. गेज लावले.

"पंचवीस मिलिमीटर पायजे, नऊच जातंय," ते स्वतःशीच म्हणाले. "पुठ्ठ्यावर तर तीसची रेघ हाय."

अनिताने आणखी दोनदा प्रयत्न केला. मग पोलादी कांडी खाली ठेवली. "दांडीचा दोष नाही, मामा. पायच गेलाय माझा. त्या दिवशी बरा असेल, आज नाही." तिने चादर उचलली आणि गिटारवर अंथरली, कोपरे नीट ओढून घेतले. खाटेवर गेणबांची मान गिटारकडे वळलेली होती, ती त्यांनी सावकाश सरळ केली.

आम्ही तळेगावला परतलो. घरी सगुणाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी मलाच विचारले. मी क्रमाने सगळे सांगितले. त्यांचा हात जुडीवर थांबला.

"आज काय नेसली हुती ती?"

मी मच्छिंद्रांकडे पाहिले. त्यांनी कानाशी हात नेला. सगुणाबाईंनी आवाज चढवला, "अवो, अनिताबाई काय नेसली हुती?"

"मी कशाला बघू ती काय नेसली ते?"

"आन् पुठ्ठ्यावर रेघा मारल्या तवा?"

मला आठवले. जानेवारीत ती व्यायामाच्या डॉक्टरांकडून नुकतीच परतली होती आणि अंगात पंजाबी ड्रेस होता. आज ती शाळेतून आली होती, म्हणजे साडीत असणार. तसे मी सांगितले.

"मंग गुडघा कसा फाकंल?" सगुणाबाई म्हणाल्या. "साडीत दोन्ही गुडघं एकाच खोळीत असत्यात. दोन शाने माणसं, आन् एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई. पाय गेलाय म्हणून ती पोरगी तिकडं रडत आसंल."

लहानपणीच्या दांड्या तिने का सोडल्या होत्या, तेही मला त्या क्षणी उमगले. तेव्हा ती फ्रॉक घालत होती; डी.एड.ला गेल्यावर साडी नेसू लागली.

मी त्याच ओट्यावरून अनिताला फोन केला आणि सांगितले, की पाय शाबूत आहे. चूक आम्हां दोघांची आहे. साडीचे कारण तिने पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाली, "मी ड्रेस घालून वाजवेन, सर. त्यात काय." मी ते मच्छिंद्रांना मोठ्याने सांगितले. त्यांनी मान हलवली.

"विहारात ती पांढऱ्या साडीत बसती ना? दांडीसाठी तिनं कपडं बदलायचं न्हाईत. बदलायची ती दांडी."

दुसऱ्या दिवशी शेडचा दरवाजा अर्धा ओढून घेतलेला होता. सगुणाबाई सहावारी साडी नेसून स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान जमिनीवर बसून, हातात टेप घेऊन, त्यांचे गुडघे मोजत होते. मी दाराबाहेर थांबलो. तरी आवाज येत होता.

"चाळीस वर्सं झाली लग्नाला. गुडघं दुखत्यात म्हणून कवाची वरडतीय, तवा न्हाई बघितलं. आता टेप घिऊन बसलंय."

"हालू नको."

"हालू नको तर माप कशाचं घेनार?"

"बरं, हाल. पर सांगून हाल."

त्या मोजणीतून तीन गोष्टी निघाल्या. साडीत एक गुडघा एकटा बाहेर जात नाही. दोन्ही मिळून मात्र डावीकडे सहज झुकतात, तसेच उजवीकडे. आणि अख्खे पाऊल जमिनीवरून उचलले की डावा गुडघा वर जातो, त्याला साडी आड येत नाही. म्हणून मच्छिंद्रांनी एक दांडी डाव्या गुडघ्याच्या डाव्या अंगाला घेतली, दुसरी उजव्याच्या उजव्या अंगाला, आणि तिसरी डाव्या मांडीवर आडवी, वर उचलण्याची. डावीकडे झुकले की पंचमाचा धैवत, उजवीकडे झुकले की षड्जाचा ऋषभ, गुडघा उचलला की गंधाराचा मध्यम. दांड्यांच्या कडा त्यांनी कानशीने इतक्या गोल केल्या की सगुणाबाईंनी पदर त्यांच्यावरून ओढून पाहिला आणि एक धागाही अडकला नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी आम्ही तिघे जीप करून खुटबावला गेलो. सगुणाबाईंनी सोबत वांगी घेतली होती. या वेळी मापांचा ताबा त्यांच्याकडे होता. अनिताच्या निऱ्या कुठे पडतात ते पाहून त्या सांगत आणि मच्छिंद्र नजर दुसरीकडे वळवून, हाताने चाचपत दांडी सुतासुताने सरकवत. दुपारी चार वाजता दांड्या घट्ट झाल्या. मग तारा लावल्या. अनिताच्या मोबाइलमध्ये स्वर दाखवणारा काटा होता; तो मच्छिंद्रांना फार आवडला, कारण तो डोळ्यांनी वाचता येत होता. दहाही तारा त्यांनी काट्याच्या बरोबर मध्यावर आणल्या. तळहात गिटारच्या लाकडावर ठेवला आणि म्हणाले, "वाजवा."

अनिताने तारा छेडल्या आणि दोन्ही गुडघे डावीकडे झुकवले. दांडी शेवटापर्यंत गेली. पंचम उठला आणि धैवतावर जाऊन टेकला. ती तशीच बसून राहिली. गुडघे परत आणायचे तिला सुचेना.

खाटेवरून आवाज आला, "मधली चढलीय."

"आबा, काटा अगदी मध्यावर आहे," अनिता म्हणाली.

"काट्याला कान हायत का? सहावी बघ."

मच्छिंद्रांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या डाव्या कानात सांगितले, की आबांच्या मते गंधाराची तार चढली आहे. मला वाटले, हा मनुष्य काट्याचीच बाजू घेईल. मापापुढे त्याने आजवर कोणाचे ऐकलेले नाही. त्यांनी किल्ली उचलली आणि खाटेजवळ तोंड नेऊन विचारले, "आबा, किती उतरवू?"

"जरासं," गेणबा म्हणाले.

किती म्हणून मच्छिंद्रांनी विचारले नाही. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. किल्ली फिरवायची, अनिताने तार छेडायची, आणि त्यांनी गेणबांच्या चेहऱ्याकडे पाहायचे. पुन्हा किल्ली. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी गेली आणि मान एकदा हलली. तिथे किल्ली थांबली.

मच्छिंद्रांनी मोबाइल सरळ करून काटा पाहिला आणि वही उघडली. तारांच्या रकान्यात सहावीपुढे त्यांनी लिहिले: ‘मध्याच्या डावीकडे दीड रेघ. आबांच्या सांगण्यावरून.’ बाहेर पाचची गाडी फलाट सोडून गेली. अनिताने पदर खोचला, दोन्ही गुडघे एकत्र जुळवले आणि वाजवायला सुरुवात केली. सगुणाबाई भिंतीला टेकून स्वतःचे गुडघे चोळत होत्या, गेणबांची मान गिटारकडे वळली होती, आणि मच्छिंद्रांनी लाकडावरचा हात बराच वेळ उचलला नाही.