श्रीनिवास 'सॉरी' म्हणाला नव्हता

आज सकाळी भाच्याचे पार्थिव घरात ठेवलेले असताना मी अंगणात उभा राहून त्याच्यावर विनोद केला.

लोक हसले.

श्रीनिवास माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. काल मुलांना टेबल टेनिस शिकवता शिकवता बाकावर बसला, तो उठलाच नाही.

आपल्या मंडळींत तो 'सॉरी श्रीनिवास' या नावाने प्रसिद्ध. ते नाव मीच ठेवलेले.

अंगणात त्याच्या सासरकडच्या कोणी नवख्या गृहस्थाने विचारले, "यांना सॉरी का म्हणतात हो?"

शोकाचा भार थोडा हलका करावा, असा माझा समज. लग्नामुंजींत सांगून घोटलेली गोष्ट मी पुन्हा सांगितली.

आपल्याच शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. पुरुष एकेरी. समोर परदेशी खेळाडू, शेवटचा गेम, श्रीनिवास एका गुणाने पुढे आणि मॅच पॉइंट त्याचा. पाहुण्याचा चेंडू टेबल ओलांडून गेला. अंपायरचा हात श्रीनिवासच्या बाजूने वर जाऊ लागला, आम्ही टाळ्या वाजवत उठलो.

एवढ्यात श्रीनिवासने बोट वर केले, टेबलाकडे दाखवले आणि अंपायरला काहीतरी म्हणाला.

गुण पाहुण्याला गेला. पुढचे दोन्हीही गेले. सामना गेला.

"काय म्हणाला असेल?" मी नेहमीप्रमाणे थांबून विचारले. "सॉरी! जिंकलेली मॅच पाहुण्याच्या ताटात वाढली आणि वर 'सॉरी, जेवण साधंच आहे' म्हणाला!"

हशा झाला. आतपर्यंत ऐकू गेला असणार.

चपला काढत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कानडीत विचारले, "का हसताहात?"

मी त्यांनाही कानडीत गोष्ट सांगितली.

ते हसले नाहीत.

"सॉरी अल्ल, सार," ते म्हणाले. सॉरी नव्हे. "सरी."

मग म्हणाले, "त्या टेबलावर अंपायर मीच होतो."

पाहुण्याचा चेंडू श्रीनिवासच्या बाजूच्या कडेला निसटता लागून गेला होता. कडेला लागला तर गुण मारणाऱ्याचा. ते त्यांना दिसले नव्हते. दिसले होते फक्त श्रीनिवासला. त्याने स्वतःहून कड दाखवली. आपल्याच गावचा मुलगा, मॅच पॉइंट. त्यांचा विश्वास बसेना. तिथे बोलायचे ते इंग्रजीत, पण गडबडीत त्यांच्या तोंडून घरचीच भाषा निघाली: "सरीना?"

नक्की ना?

आणि श्रीनिवास म्हणाला, "सरी." बरोबर.

मी याच कानडी गावात जन्मलो. आमच्या कित्येक पिढ्या इथे गेल्या. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, शेजाऱ्याला मी दिवसभर 'सरी, सरी' म्हणत असतो. पण परदेशी माणसासमोर उभा असलेला भाचा इंग्रजीच बोलणार, हे माझ्या कानांनी आधीच ठरवून टाकले होते. वाणीचे तप या विषयावर मठात प्रवचने करणारा मी. एका शब्दातला स्वर मी माझ्या सोयीने भरला आणि आयुष्यभर त्याला त्या नावाने हाक मारली.

आत गेलो. वसुधा, त्याची पत्नी, उशाशी बसली होती. म्हटले, "वसुधा, मला आजवर ठाऊक नव्हते गं."

"आम्हांला होतं, मामा."

"मग एका शब्दाने सांगायचे नाही?"

"दर वेळी मी सांगणार असायचे. हेच अडवायचे. म्हणायचे, मामा वर्षातून एकदा मोकळेपणी हसतात, तेवढं कशाला काढून घ्यायचं?"

 

त्याची मुलगी मैत्रेयी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पप्पांना चालत होतं, अज्जा. मला नाही. सगळे कझिन्स मला 'सॉरीची मुलगी' म्हणायचे. मी भांडले की पप्पा म्हणायचे, अंपायरला ऐकू गेलं ना, बस."

मी हात जोडले.

"मला नका जोडू. आत्ता ज्यांना हसवलंत ना, त्यांना सांगा. पप्पांना न्यायच्या आत."

मी बाहेर आलो. गाडी येऊन उभी होती. खरी गोष्ट सांगितली. लोक जमिनीकडे पाहू लागले. कोणी म्हणाले, "जाऊ द्या हो अण्णा, आजचा दिवस तो नव्हे." आजचाच आहे, म्हणालो आणि शेवटपर्यंत सांगितले.

पण तोवर निम्मी मंडळी वाटेतल्या हेब्बाळ चौकाच्या रहदारीच्या धास्तीने पुढे स्मशानाकडे निघून गेली होती. शिवाय ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट आजवर सांगितली, ते कुठे कुठे पांगले आहेत, देव जाणे.

म्हणून येथे, आपल्या मंडळींच्या ग्रुपवर, लिहितो. ज्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली आणि पुढे सांगितली, त्यांनी कृपया हीही सांगावी.

टाकण्यापूर्वी मजकूर मैत्रेयीला वाचून दाखवला. माझ्या पश्चात्तापाविषयी बराच मोठा परिच्छेद होता, संस्कृत वचनांसह. ती म्हणाली, "अज्जा, हे काढा. हे तुमच्याबद्दल आहे."

काढला.

श्रीनिवास पुरुष एकेरीतला तो सामना हरला. स्वतःच्या शब्दाने हरला, आणि तो शब्द खरा होता.

लहानांना मी आजवर आशीर्वादच देत आलो.

श्रीनिवास, आज मामाचा नमस्कार घे.