गुळवेलीचे चार दिवस

आमच्या विहिरीवरच्या कडुलिंबाला गुळवेल वेढून बसली आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तिला कुणी कोयता लावलेला नाही, त्यामुळे आता झाड कुठं संपतं आणि वेल कुठं सुरू होते हे चटकन कळत नाही. तिच्या दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या वरून खाली लोंबतात. वाऱ्यानं हलल्या की खालच्या माणसाच्या मानेला लागतात. मोटरचा स्टार्टर नेमका त्याच झाडाखाली आहे, नाहीतर मी तिकडं फिरकलो नसतो.

एकेकाळी मात्र याच वेलीच्या जिवावर मी गावात मिरवलो आहे.

कळंबच्या चौकात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. पहिल्या लाटेत मोबाईलवर रोज नवनव्या काढ्यांच्या कृती यायच्या. शहाणा माणूस त्यातली एखादी निवडतो. मी सगळ्या एकत्र केल्या. गुळवेल, अडुळसा, सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, आणि त्या दिवशी जे वाचलं असेल ते. शिवाय गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी, खिशात झिंकच्या गोळ्या, गालात व्हिटॅमिन सीची आंबट चकती, सकाळी नाकात तेल. बायको म्हणायची, तुमच्या जवळून गेलं की किराणा दुकानात शिरल्यासारखं वाटतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी थर्मासचं झाकण उघडायचो. पुढं पुढं लोक दारातूनच हात जोडायला लागले. एकजण तर म्हणाला, “राव, नळीचा एल्बो नसला तर नसू द्या, पण काढा नको.”

त्या वर्षी आमच्या घरात कुणाला साधी शिंक आली नाही. त्याचं सगळं श्रेय मी घेतलं. देणारं कुणी नव्हतं, तरी घेतलं.

थोरला भाऊ, आमचा दादा, शेती बघायचा. त्याला बोलायचा कंटाळा. मी दिलेला काढा तो उभ्या उभ्या एका घोटात संपवायचा आणि पेला परत देताना म्हणायचा, “ह्यापरीस ताप बरा.” पण रोज घ्यायचा. धाकट्यानं केलाय म्हणून घ्यायचा, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. सगळ्या घरात पहिला तोच. मी लगेच दुपारच्या उन्हात विहिरीवर गेलो, कोयत्यानं हातभर वेल तोडली, ठेचली आणि उकळली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिली. ताप हलला नाही.

तेव्हा भीमाशंकरच्या रानातल्या एका मावशीला फोन लावला. ती आईची मानलेली बहीण. हिरड्याच्या दिवसांत हिरडा गोळा करणारी, झाडपाल्याची जाणकार. आमच्याकडं आली की पिशवीभर हिरडा आणि तांदूळ घेऊन यायची. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, तीन दिवस द्या, चौथ्या दिवशी अंगाला घाम येऊन ताप उतरला नाही तर वेलीचं काम संपलं, दवाखाना गाठा. हे तिनं दोनदा सांगितलं. जंगलातल्या बाईला आपल्या औषधाची हद्द ठाऊक होती. चौकात दुकान असलेल्या माणसाला नव्हती.

फोन ठेवताना तिनं आईला एकच प्रश्न विचारला: वेलीला आवतण दिलं होतं का?

आमच्याकडं औषधासाठी झाडाला हात लावायचा तर आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच्या बुडाशी तांदूळ आणि सुपारी ठेवून त्याला सांगून यायचं, की उद्या अमक्यासाठी तुला न्यायला येतो. सकाळी ऊन पडायच्या आत, कुणाशी न बोलता, वेलीवर आपली सावली पडू न देता ती तोडायची. मी भर दुपारी गेलो होतो आणि तोडताना मोबाईलवर दुसऱ्या कुणाला तरी काढ्याचं प्रमाण सांगत होतो.

आई म्हणाली, “आरं, मग ते औषध न्हाई झालं, नुसता पाला झाला. ते दोन दिवस धरू नको.”

मी ते धरले नाहीत. त्या संध्याकाळी तांदूळ-सुपारी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, तोंड मिटून, वाकून, सावली आवरत वेल आणली. माझ्या पोटाचा घेर पाहता सावली आवरणं सोपं नव्हतं. आणि त्या सकाळी मी मनाशी म्हटलं, पहिला दिवस.

दादाच्या तापाचा तो तिसरा दिवस होता.

आईला दोष देणं सोपं आहे. ती आता नाही, म्हणून तर आणखी सोपं. पण मला स्वतःलाच ते दोन दिवस पुसून हवे होते. त्या दिवसांत गावातून दवाखान्यात गेलेली काही माणसं परत आली नव्हती, आणि मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की आमच्या घराला काही होत नाही. पाचव्या दिवशी, म्हणजे वेलीच्या तिसऱ्या, दादा बाथरूममधून खाटेपर्यंत येताना मध्ये भिंतीला टेकला. म्हणाला, “दम लागतोय रं.” मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा मला आवडला नाही. मी म्हणालो, बोट गार पडलंय. मग ते बोट मी तळहातात धरून चोळलं, फुंकर मारली, पुन्हा यंत्र लावलं, पुन्हा चोळलं. आकडा मनासारखा येईपर्यंत. तो माझ्याकडं बघत होता आणि मी यंत्राकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलीचा चौथा दिवस उजाडला, घाम आला नव्हता, आणि मी नियमानं त्याला दवाखान्यात नेलं. अगदी नियमानं.

वहिनीला तोवर ताप भरला होता, ती घरीच होती. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात ते उभे, हातात कागद. मी म्हणालो, चार दिवस.

दादा चाकाच्या खुर्चीत, तोंडावर मास्क. बोलता येत नव्हतं. त्यानं एक हात उघडून वर केला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या शेजारी धरलं. मी ते दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि खाली मांडीवर ठेवले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, भाऊ धीर देतोय. डॉक्टर कागदावर लिहून पुढच्या माणसाकडं वळले.

चार आणि सहा यांत त्या दिवशी काही फरक पडला असता की नाही, हे मी आजवर कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

दुसऱ्या दिवशी एका नर्सनं स्वतःच्या मोबाईलवरून त्याला घरी व्हिडिओ कॉल लावून दिला. वहिनी खाटेवर बसून बघत होती, मी दारात उभा होतो. तो बोलू शकला नाही. त्यानं पाच बोटं दाखवली, आणि एक. पुन्हा पाच, आणि एक. मग फोन दुसऱ्या पेशंटसाठी गेला. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला.

त्या कॉलनंतर वहिनीनं मला विचारलं, “सहा काय म्हणत व्हते ओ, भावजी?”

माझ्याकडं उत्तर तयार होतं असं नाही, पण तोंडातून आलं मात्र चटकन. म्हणालो, सहाची लाईट. मोटरचं सांगत असेल. त्या आठवड्यात शेतीची वीज संध्याकाळी सहाला येत होती, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. दादासारख्या माणसानं मरतानाही कांद्याच्या पाण्याची काळजी केली, असं पुढं पाहुण्यांतही सांगितलं गेलं. लोकांचे डोळे भरून यायचे. मी तिथंच बसलेलो असायचो.

तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी सहाला विहिरीवर जाते. विजेची वेळ बदलली, कांदा जाऊन ऊस आला, मोटरला आपोआप चालू होण्याची सोय मीच माझ्या दुकानातून आणून बसवली. तरी ती जाते. स्टार्टरवर हात ठेवते, वीज असली तर बटण दाबते, नसली तर थोडं थांबून परत येते. चार-पाच वर्षांत पाऊस, पाहुणे, सण, कशासाठीही तिनं ते चुकवलं नाही. सहा वाजायला आले की मी दुकानात कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलत असलो तरी मला ती बांधावरून चालताना दिसायची. काढा पिणं मी केव्हाच सोडलं होतं. कुणी गुळवेल उकळली तर गल्लीच्या टोकापासून मला कळायचं, आणि माझ्या तळहातात ते गार बोट यायचं.

हे असंच चाललं असतं. मी काही स्वतःहून बोलणारा नाही.

या हिवाळ्यात आमच्या उसात बिबट्या आला. आधी कुत्रं गेलं, मग शेजारच्या गोठ्यातली शेळी. वनखात्यानं पिंजरा लावला. बिबट्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी कुणी रानात जाईना. वहिनी जायची. सगळ्यांनी समजावलं. तिचं माहेर डिंगोऱ्याचं, बिबट्यांच्याच पट्ट्यातलं. ती म्हणाली, आमच्याकडं बिबट्याला कोण भितंय, पावणाच आहे तो. लोक हसले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “भावजी, त्यांचं शेवटचं सांगणं हाये. ते कसं मोडू?”

त्या संध्याकाळी मी तिच्यामागं गेलो. हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं गाणं, आणि वर मी खोकत. बिबट्यानं मला पाहिलं असतं तर कीव करून सोडून दिलं असतं. ती स्टार्टरपाशी उभी होती. उसाचा पाला हलत होता, वारा होता की आणखी काही ते समजत नव्हतं. मी गाणं बंद केलं.

म्हणालो, “वहिनी, दादा मोटरचं सांगत नव्हता.”

तिनं बॅटरीचा उजेड माझ्या पायांवर टाकला. “मग?”

“दिवस. त्याच्या तापाचे सहा दिवस झाले होते. मी डॉक्टरांना चार सांगितले.”

मग मी तिला सगळं सांगितलं. आवतण, सावली, न धरलेले दोन दिवस, चोळलेलं बोट, मांडीवर दाबून ठेवलेले हात. मनात इतकी वर्षं ते भलतंच मोठं झालं होतं. तोंडानं सांगायला फार वेळ लागला नाही.

ती म्हणाली, “म्हंजे मी डॉक्टरला फोन करून सांगावं, म्हणून ते बोटं दाखवत व्हते.”

“हो.”

“दोनदा दाखवली.”

वीज आली, स्टार्टरचा लाल दिवा लागला. तिनं बटण दाबलं नाही. वेलीची मुळी तिच्या खांद्यावर आली होती, ती तिनं हातानं बाजूला केली.

“मग इतकी वर्षं मी कुणाच्या सांगण्यावरनं येतीय हितं?”

“माझ्या.”

तिनं बॅटरी माझ्या हातात दिली. “उद्यापास्नं तुमी या.” आणि अंधार पडत असताना, उसाच्या कडेनं, बॅटरीशिवाय ती घराकडं चालू लागली. मी मागं गेलो, पण तिच्या बरोबरीनं चालायचं धैर्य झालं नाही.

आता मी येतो. दुकान लवकर बंद करतो, बायकोला सांगतो की व्यायाम होतो. पिंजरा अजून रिकामा आहे. मोटर आपोआप चालू होते, तिला माझी गरज नाही. तरी सहाला मी झाडाखाली उभा असतो, मानेला मुळ्या लागतात, आणि मोबाईल वाजतो.

“पोचलात?” वहिनी विचारते.

“पोचलो.”

ती फोन ठेवते. रोज एवढंच. पूर्वी ती मला भावजी म्हणायची.