सुखाला दहापैकी किती?

आमच्या हुमनाबादच्या कॉलेजात, अर्थशास्त्राच्या स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत एक नवा तयार होतो! त्यात आमच्या व्यंकट सरांनी पीएचडी करायला घेतली आणि सुगीच आली. विषय असा: माणसं सुखी असली आणि त्यांचं डोकं तल्लख असलं, की देशाची अर्थव्यवस्था वाढते का? लोकांना एक कोडं घालायचं आणि विचारायचं, सुखाला दहापैकी मार्क किती? सोबतीला मी. सरांचं प्रमोशन याच पीएचडीवर अडलेलं!

*

कोडं एकट्यानंच सोडवायचं, असा नियम. सरांच्या गावी, राजेश्वरला, पारावर एका अण्णांना कोडं घातलं, तर अख्खा पार सरसावून बसला!

"एकट्यानं सोडवा!" सर ओरडले.

अण्णा म्हणाले, "कामून? पेरणी एकट्यानं करत न्हाईत, मग डोकं कामून एकट्यानं चालवावं?"

उत्तर बरोबर आलं. पण लिहायचं कुणाच्या नावावर?

*

हायवेवरच्या ढाब्याचा मालक, गल्ल्यावर बसलेला, चेहरा तुकतुकीत. सुखाचं विचारताच दचकला!

"हळू बोला की सर! ड्रायव्हर लोक ऐकायलेत. मी सुखी हाव म्हणलं, की उद्याच रोटीचा भाव पाडा म्हणतील. चार लिवा, चार!"

*

बिदरला मैलूरमध्ये एक रिटायर्ड हेडमास्तर भेटले.

"पूर्ण मार्क मी जन्मात कुणाला दिले नाहीत," ते म्हणाले. "साडेपाच लिहा. त्यातला अर्धा सूनबाईंच्या चहाला."

*

मग सरांची आई, राजेश्वरच्या सोजरक्का. दारात दुभती म्हैस, ओसरीवर नातू रांगतोय, रानात तूर फुललेली. सुख विचारलं तर म्हणाल्या, "पाच."

"माय, खरं सांग की!"

"खरं सांगितलं की दृष्ट लागतीया. मग ती काय तुझं कॉलेज काढणार हाय?"

*

झालं! जो तो पाचाच्या आसपास. कलबुर्गीला सरांचे गाईड कपाळाला हात लावून म्हणाले, "सगळेच सारखे? मग यातून सिद्ध काय करणार?"

"गेलं माझं प्रमोशन!" सर मटकन खाली बसले. मला फार वाईट वाटलं. न राहवून मी गाईडना ढाबा, हेडमास्तर, अक्का, सगळं सांगून टाकलं. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि एकदम टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो, हेच लिहा! लोक सुख झाकतात कशाला, हाच प्रबंध!"

*

व्हायवाच्या दिवशी आम्ही झाडून सगळे कलबुर्गीला. अक्का नवं लुगडं नेसून मागच्या बाकावर. शेवटी सर डॉक्टर झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या वाजल्या! बाहेरून आलेले परीक्षक खुशीत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता तुमच्या सुखाला दहापैकी किती?"

"दहा!" सर ओरडलेच.

मागून अक्का ताडकन उठल्या.

"सायेब, पाच लिवा, पाच! पोरगं शिकलंय, पर त्याला अक्कल न्हाई!"