खरवईची लाइन

मला राग फार लवकर येतो, आणि उतरायला वेळ लागतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका महिन्यात मी जितकी चिडले, तितकी पुढे लग्न करूनसुद्धा चिडले नाही. चिडण्याचं कारण काळं होतं, चपटं होतं, त्याच्या अंगावर लाल दिवे लुकलुकायचे आणि फोन लावताना ते शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळायचं. त्याला मॉडेम म्हणत. मी त्याला आणखी बरंच काही म्हणायचे.

अंबरनाथला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. कुठल्या रंगाचे किती डबे कुठे पडलेत, ही सगळी माहिती माझ्या सर्व्हरमध्ये असायची. आमचे सिंधी शेठ बसायचे उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या विक्रीच्या काउंटरवर. आणि मालाचं गोदाम होतं बदलापूरच्या कडेला, खरवईत. काउंटर आणि गोदाम, दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर आणि एकेक मॉडेम होतं. सकाळी मॉडेमने फोन लावायचा, माझ्या सर्व्हरला जोडून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत तसंच जोडलेलं राहायचं. गोदामातून डबा निघाला की नोंद तिथूनच व्हायची, आणि कॅम्पात शेठना लगेच दिसायची. निदान कागदावर तरी तसं होतं.

कॅम्पातली लाइन शहाण्या सुनेसारखी नांदायची. खरवईची लाइन रोज दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये कधीतरी तुटायची, न चुकता. तुटायची ती तुटायची, वर घोळ घालून जायची. खरवईत अर्धवट राहिलेली नोंद सर्व्हर धरून ठेवायचा. बसमध्ये रुमाल टाकून कुणी जागा अडवावी आणि खाली उतरून निघून जावं, तसं. मग त्या रंगाला कॅम्पातून कुणाला हात लावता यायचा नाही. शेठचा फोन यायचा, "बेटी, सफेद रंग फिर अटक गया!" मी तो रुमाल उचलायचे, म्हणजे सर्व्हरवरून खरवईची अर्धवट जोडणी मोडून टाकायचे आणि नोंद मोकळी करायचे.

खरवईला विचारायची सोयही नव्हती. गोदामात फोन एकच, आणि तोच मॉडेमला लावलेला. मॉडेम जोडलेलं असलं की फोन एंगेज लागणार. म्हणजे एंगेज लागला तर सगळं ठीक, आणि घंटी वाजली तर लाइन तुटली, असा आमचा उलटा कारभार. लाइन तुटली की मी फोन लावायचे, घंटी वाजत राहायची आणि उचलायला कुणी नसायचं. मग मी मोपेड काढून अंबरनाथहून खरवई गाठायचे. पोचेपर्यंत दीड-दोन व्हायचे. आणि तिथे बघते तर मॉडेमचे दिवे लुकलुकतायत, लाइन जोडलेली, सगळं आलबेल. दुखणारा दात डॉक्टरकडे गेल्यावर थांबतो, त्यातला प्रकार.

गोदाम सांभाळायला एक काका होते. खरवईचेच, चोपन्न-पंचावन्नचे. अर्धी शेती इमारतींखाली गेली होती, उरलेल्या अर्ध्या तुकड्यात भाजीपाला करायचे आणि दिवसभर गोदाम बघायचे. कॉम्प्युटर आल्यावर मी त्यांना भिंतीवर अकरा पायऱ्यांचा कागद चिकटवून दिला होता: कुठलं बटण, मग कुठलं बटण, किंचाळणं थांबेपर्यंत वाट बघा, वगैरे. काका तो कागद आरतीसारखा ओळीने म्हणत आणि एका बोटाने कळफलक दाबत. चूक कधी नाही. मीच चुकायचे, ते नाही.

मी विचारायचे, "काका, मशीनला कुणी हात लावला का?"

"नाय बाय, मशीनला कोन हात लावतंय? तू सांगतलंस ना, हात लावाचा नाय."

मग मी दुसरीकडे शोधायला लागायचे. मॉडेमची केबल बदलली. वेग कमी केला, मग आणखी कमी केला, इतका की अक्षरं पडद्यावर एकेक करून लंगडत यायची. भिंतीवरची फोनची डबी उघडून आतल्या मुंग्या काढल्या. लाइनमनला चहा पाजून खांबावर चढवला. तो वरूनच ओरडला, "मॅडम, लाइन एकदम ओके आहे, तुमचा डबाच खराब आहे!" डबा बदलला. नवा डबाही साडेबारानंतर गप्प. मग मी दगडखाणीतल्या सुरुंगावर संशय घेतला, विजेच्या दाबावर घेतला, तारेवर बसणाऱ्या कावळ्यांवर घेतला. कावळ्यांचं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं, हे आज सांगायला लाज वाटते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण तेव्हा ते कळत नव्हतं.

शेठचा संयम माझ्यापेक्षा बरा होता, पण तोही संपला. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी मला कॅम्पात बोलावून घेतलं आणि पापड, पाणी पुढे ठेवून सांगितलं, "साईं, वो खरवई का लाइन हमेशा मरा पड़ा रहता है. महिनाअखेर तक देखूंगा. आखरी दिन मैं खुद चेक करेगा. नहीं चला तो गोदाम बंद, माल अंबरनाथ के शेड में."

"आणि काका?"

शेठनी पापड मोडला. "शेड में तो आदमी है ना, बेटी."

हे मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला पोटात ठेवता येत नाही. काकांनी एक चेपलेला डबा रांगेत सरळ केला. म्हणाले, "या वयात कोन घेतंय आता मला. चौदा वर्सं झाली इथं." आणि मग, जणू विषय संपला, "जेवून जा, बाय. भाकरी हाय." मी म्हटलं, वेळ नाही. ते रोज विचारायचे, आणि मी रोज हेच म्हणायचे.

महिना संपत आला आणि लाइन तुटतच राहिली. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी इतकी वैतागले की शेठच्या नावाने एक पत्र टाइप केलं. खरवईची जोडणी टिकणं अशक्य आहे, गोदाम बंद करणं योग्य, असं. खाली सही केली. पत्र पाकिटात घालून पर्समध्ये टाकलं, आणि शेवटचा दिवस म्हणून ठरवलं की उद्या लाइन तुटल्यावर जायचं नाही, तुटायच्या आधीच जाऊन बसायचं. ही अक्कल मला महिनाभर का सुचली नाही, ते विचारू नका. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

सकाळी दहाला मी खरवईत हजर. लाइन जोडलेली. अकरा वाजले, बारा वाजले. मॉडेमसमोर मी स्टूल टाकून, मांजर उंदराच्या बिळासमोर बसतं तशी बसले होते. काका येऊन जाऊन दोन टेम्पो भरून गेले, एका बोटाने नोंदी करून गेले.

बारा चाळीसला काका हात पुसत आले. त्यांनी मॉडेमजवळ वाकून उजव्या हाताची पालथी बाजू त्याच्यावर अलगद टेकवली, लेकराचा ताप बघावा तशी. जिभेने 'च्च' केलं. मग भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले आणि मॉडेमचं बटण खट्‌कन बंद केलं.

दिवे विझले.

मी जी किंचाळले, ती मॉडेमला लाजवेल अशी. "काका! हे काय केलंत?"

काका दचकले. "तापलाय गो तो. रोजचा तापतंय या टायमाला. हात लावून बघ."

"पण मी रोज विचारत होते, मशीनला हात लावला का म्हणून!"

"मशीनला कुठं लावला? पालथा हात टेकला नुसता, नि बोर्डाचं बटण बंद केला." त्यांच्या हिशेबाने ते अगदी खरं बोलत होते, आणि ते महिनाभर खरंच बोलत होते. मग त्यांनी मला शांतपणे सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटर त्यांच्या मेव्हण्याने सकाळपासून न थांबता चालवली. दुपारी ती जळाली. दुरुस्त होऊन येईपर्यंत काकडी आणि दुधी उभ्या उन्हात वाळून गेले. तेव्हापासून त्यांचा नेम होता, की मोटर तापली की आधी बंद करायची, थंड होऊ द्यायची, तोवर आपण जेवून घ्यायचं. गोदामामागच्या आंब्याखाली ते जेवायला बसायचे, म्हणून घंटी ऐकू जायची नाही. जेवून आले की भिंतीवरच्या अकरा पायऱ्या म्हणत मॉडेम पुन्हा जोडून द्यायचे. "तुझा एवढा महागाचा मशीन, बाय. तो जळाला असता त शेठनी तुलाच बोल लावला असता ना."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडत राहिले. मॉडेम तापलं तरी जळत नाही, ते असंच असतं, आज शेवटचा दिवस, शेठ चेक करणार, संपलं सगळं. काका ऐकता ऐकता पांढरे पडले. "म्हंजे... माजाच हात?" एवढंच बोलले.

तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी उचलला. शेठचा आवाज रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होता, कारण शेठ फोनवर बोलताना तार नसल्यासारखे बोलत. "लग गया! अरे वा, आज पहली बार लग गया! एकदम क्लियर!"

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेठ लाइन चेक करायचे ती फोन लावून! रोज अकराला, दुकानातली अगरबत्ती झाली की, ते खरवईला फोन फिरवायचे, तो एंगेज लागायचा, आणि शेठ म्हणायचे, लाइन मेलेली आहे. महिनाभर आमची लाइन जितकी चांगली चालायची, तितकी शेठना ती मेलेली वाटायची. मागाहून कळलं, त्या दिवशी नात्यातल्या साखरपुड्याहून परतायला त्यांना पाऊण वाजला, म्हणून आज हा चमत्कार.

"सफेद रंग, बडा डिब्बा, कितना है?" शेठ ओरडले.

काकांनी रांगांकडे मानसुद्धा वळवली नाही. "एकशे बेचाळीस, शेठ. आठ डबे जरा चेपलेले."

"कॉम्प्युटर में देख के बोला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी विझलेल्या दिव्यांकडे बघितलं. खोटं बोलायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कॉम्प्युटर समोरच हाय, शेठ."

"बस! चालू रखो. गोदाम उधरही रहेगा."

काकांनी रिसीव्हर ठेवला आणि पोत्यांच्या थप्पीवर मटकन बसले. डोळे पुसले ते उपरण्याने, उघडउघड, काही लपवालपवी न करता.

पुढच्या सोमवारपासून मी खरवईच्या मॉडेमला रीतसर सुट्ट्या लावल्या. अकराला दहा मिनिटं चहाची, कारण त्या वेळी शेठचा फोन लागायला हवा. बारा चाळीसला जेवणाची. भिंतीवरच्या कागदावर बारावी पायरी आली: आधी नोंद पूर्ण करून बाहेर पडा, मग बोर्डाचं बटण बंद करा. नोंदी अडकायच्या थांबल्या. सफेद रंग पुन्हा कधी अटकला नाही. शेठ रोज अकराला फोन लावून लाइन जिवंत असल्याची खात्री करत, आणि ती त्या दहा मिनिटांत नेमकी बंद असे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. काका निवृत्त होईपर्यंत गोदाम तिथेच राहिलं.

पण मी त्या दुपारचं सांगत होते. काका उठून माझ्याजवळ आले, आणि त्यांनी हाताची तीच पालथी बाजू माझ्या कपाळावर टेकवली. "तू पन तापलीस, बाय. चल, जेव आता."

त्या दिवशी मी वेळ नाही म्हटलं नाही. आंब्याखाली बसून भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली. चटणी ठेवायला काही नव्हतं, म्हणून पर्समधून पाकीट काढून आतला कागद पसरला. काकांनी विचारलं, कसला कागद? मी म्हटलं, रद्दी.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, तेलाच्या गोल डागासकट. डागाच्या जरा वर, माझ्या सहीच्या आधीची शेवटची ओळ स्पष्ट वाचता येते: 'गोदामाच्या बाजूला मशीनची काळजी घेणारं कुणी नाही.'