तात्यांची लांब पट्टी

तात्यांनी चादर उचलली, बेंबीच्या वरून खालपर्यंत गेलेली पट्टी पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ऑपरेशनला एकच दिवस झाला होता. चालवायला आलेल्या नर्सला ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. आता काय उपेग?"

मुलांनो, तेव्हा मी बारामतीच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचे. तात्या निरवांगीचे, डाळिंबाचे बागायतदार. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती, आणि ते त्यांना माहीत होतं.

हे ऑपरेशन दोन प्रकारे होतं. दुर्बिणीने, म्हणजे छोटी छिद्रं पाडून कॅमेऱ्याने आत बघत. तुकडा बाहेर काढायला एक लहान छेद लागतोच. किंवा ओपन, म्हणजे पोट उघडून. दुर्बिणीने दुखतं कमी, पेशंट लवकर घरी जातो. गाठ नीट निघाली तर कॅन्सरच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. आदल्या दिवशी मी तात्यांना एवढंच म्हटलं होतं, "छोटी छिद्रं आहेत, काळजी करू नका."

टेबलावर गाठ पोटाच्या भिंतीला चिकटलेली निघाली. सर्जन म्हणाले, "मॅडम, ओपन करतोय."

"करा. बीपी ठीक आहे."

याला कन्व्हर्जन म्हणतात. संमतीच्या फॉर्मवर तशी ओळ होती. तात्यांनी सही केली होती, वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नर्सला परत पाठवलं, तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, भोकं पाडणार व्हता, मग फाडलं कशापायी? माझ्या थोरल्या भावाचं असंच. उघडलं, बघितलं, शिवलं. दोन महिन्यांत गेला. पसरलंय न्हवं?"

"नाही. गाठ काढली."

"तुमी असंच म्हननार."

तात्या असेच पडून राहिले असते तर छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला असता.

आमच्याकडे काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून थिएटरच्या दारात नातेवाईकांना दाखवायची रीत. ज्याचा असतो, त्याला कोणी दाखवत नाही. खाटेशी केळी खात बसलेल्या त्यांच्या मुलाला, दत्ताला, मी विचारलं, "फोटो काढलायस?"

तो ओशाळला. "काढलाय. पर तात्यांना कसा दावू?"

"आण इकडे."

तात्यांनी चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा केला. "हे माझं?"

"तुमचं. ही गाठ. दोन्हीकडे चांगलं आतडं ठेवून कापलंय. हा चिकटलेला तुकडा पोटाच्या भिंतीचा. त्याच्यासाठी पोट उघडावं लागलं."

त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. "तेल्या रोग पडलेली डाळिंबाची फांदी आमी बी अशीच खालनं, चांगल्या लाकडात छाटतो." मग दत्ताकडे वळले. "आन् तू हे खिशात घालून केळी खात बसला व्हय?"

तात्या पोट धरून दारापर्यंत चालले. लॅबच्या रिपोर्टात कापलेल्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सर उरला नव्हता. घरी जायला मात्र दुर्बिणीच्या पेशंटपेक्षा जास्त दिवस लागले.

त्यानंतर मी प्रत्येकाला आदल्या दिवशीच सांगायचे: छिद्रांनी सुरू करू, गरज पडली तर पोट उघडू, आणि उघडलं म्हणजे हरलो असं नाही. काहीजण घाबरायचे. घाबरायचंच असेल तर आदल्या दिवशी घाबरलेलं बरं. तेव्हा विचारायला डॉक्टर समोर असतो.